कर्कीचे ऋण : येलहंक्याहून उत्तर कन्नडच्या किनाऱ्याकडे

बँकेच्या व्यवहारात ऋण हा शब्द रोजचाच. कर्ज मंजूर होते, हप्ते ठरतात, व्याज आकारले जाते आणि एके दिवशी खाते बंद होते. समाजासमाजांत मात्र अशीही काही देणीघेणी असतात, की त्यांची नोंद कोणत्याही खतावणीत सापडत नाही आणि कालांतराने ऋणकोला त्यांचे स्मरणही उरत नाही. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील कर्की या लहानशा गावाचे महाराष्ट्रावर असेच एक ऋण आहे. समुद्रस्नानासाठी, गोकर्णाच्या दर्शनासाठी किंवा मुर्डेश्वराची भव्य शिवमूर्ती पाहण्यासाठी दरवर्षी असंख्य मराठी पर्यटक या किनाऱ्यावर जातात. होन्नावर आणि कुमठा यांच्या दरम्यान महामार्गालगत असलेले कर्की त्यांच्या गाडीच्या खिडकीबाहेरून निघून जाते. तेथे थांबावे असे कुणाच्या मनात येत नाही, कारण तसे काही कारण आहे हेच ठाऊक नसते.

बेंगळुरूच्या उत्तरेस असलेल्या येलहंक्याहून या किनाऱ्याला जाणारी वाट त्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. बेंगळुरू शहर वसविणारे केंपेगौडा हे ‘येलहंका नाडप्रभू’ घराण्यातले. १५३७ मध्ये त्यांनी नव्या नगराची उभारणी केली, ती येलहंका या आपल्या मूळ ठाण्यातून. पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली बेंगळुरू जिंकले. या मोहिमेत शहाजीराजे भोसले अग्रभागी होते. बेंगळुरू त्यांना जहागिरीत मिळाले आणि तिसरे केंपेगौडा मागडीस गेले. आजचे येलहंका हवाई दलाच्या तळासाठी, तेथे १९९६ पासून भरत आलेल्या ‘एअरो इंडिया’ या विमान प्रदर्शनासाठी आणि रेल्वेची चाके व आस घडविणाऱ्या कारखान्यासाठी परिचित आहे. नोकरी, बदली किंवा शिक्षण यांच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून येथे कुटुंबे येऊन राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. चार दिवसांची सुटी जोडून आली, की कुठे जावे, हा प्रश्न त्यांनाही पडतोच. नंदी टेकडी सकाळी जाऊन दुपारी परत येण्यासारखी आहे. समुद्र मात्र सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर. पण ही वाट केवळ समुद्रापर्यंत पोहोचण्याचे साधन नाही. ती स्वतःच पाहण्यासारखी आहे.

वाटेवरील खुणा

तुमकूर, चित्रदुर्ग, होळलकेरे या मार्गाने शिमोग्याकडे (आताचे शिवमोग्गा) निघाल्यास वाटेत चन्नगिरी लागते. या तालुक्यातील होदिगेरे या खेड्यात शहाजीराजांची समाधी आहे. जानेवारी १६६४ मध्ये याच परिसरात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पित्याची ही समाधी साधी आहे. सुपारीच्या बागा आणि शेते यांच्या सान्निध्यात दहा मिनिटे शांत उभे राहावे, एवढेच येथे करण्यासारखे असते. पण महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला ती दहा मिनिटे पुरेशी वाटत नाहीत.

शिमोग्याच्या पुढे सागर हे गाव. सागरपासून जवळच केळदी आहे. येथील नायक घराण्याची राणी चेन्नम्मा हिचे नाव मराठ्यांच्या इतिहासात आदराने घ्यावे असे आहे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज रायगडाहून निसटून जिंजीकडे निघाले, तेव्हा औरंगजेबाचा रोष ओढवेल हे जाणूनही चेन्नम्माने त्यांना आपल्या राज्यातून सुरक्षित वाट दिली. त्यापायी मोगल फौज तिच्यावर चालून आली. केळदीचे रामेश्वर मंदिर आणि नजीकच्या इक्केरीचे अघोरेश्वर मंदिर ही त्या राज्याची दगडी स्मृती होय.

सागरच्या परिसरात दोन कला आवर्जून पाहाव्यात. पहिली गुडिगार समाजाची लाकडावरील कोरीव कामाची. चंदन आणि शिवण या लाकडांतून देवतांच्या मूर्ती, पेट्या व नक्षीदार फलक ते घडवितात. चंदन दुर्मीळ झाल्याने कामाचा आकार लहान झाला असला, तरी पानाफुलांच्या वेलबुट्टीतील बारकावा उणावलेला नाही. दुसरी कला दीवरू समाजातील स्त्रियांची ‘चित्तार’. लाल मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, जाळलेल्या तांदळाचा काळा आणि रानातील बियांचा पिवळा रंग वापरून त्या लग्नकार्यात व सणावारी चौकटी, पालख्या आणि धान्याच्या कणग्या रेखाटतात. वारली चित्रे पाहण्याची सवय असलेल्या मराठी डोळ्यांना ही रेघ एकाच वेळी ओळखीची आणि नवखी वाटते. सागरजवळच्याच हेग्गोडू गावी १९४९ मध्ये स्थापन झालेली ‘नीनासम्’ ही नाट्यसंस्था आहे. एका खेड्यात राहून आधुनिक रंगभूमीचे कार्य उभे करणाऱ्या के. व्ही. सुब्बण्णा यांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता.

यानंतर येतो जोगचा, म्हणजे मराठी क्रमिक पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचलेला ‘गिरसप्प्याचा धबधबा’. शरावती नदी येथे सुमारे २५३ मीटर खोल कोसळते. वरच्या बाजूस १९६४ मध्ये लिंगनमक्की धरण पूर्ण झाल्यापासून पाण्याचा विसर्ग नियंत्रित झाला आहे. त्यामुळे पावसाळ्यात व त्यानंतर लगेचच धबधबा खऱ्या रूपात दिसतो. उन्हाळ्यात जाणाऱ्याने मोठी अपेक्षा ठेवू नये. जोगहून गिरसप्पा घाट उतरताना शरावती डाव्या-उजव्या हाताला डोकावत राहते आणि होन्नावरला ती समुद्राला मिळते.

सागरतटावर

कारवार, अंकोला, कुमठा, होन्नावर, भटकळ असा हा किनारा काळी, गंगावळी, अघनाशिनी, शरावती अशा नद्यांच्या मुखांनी कातरलेला आहे. सह्याद्री येथे समुद्राच्या इतका जवळ येतो, की डोंगर, नदी, खाडी आणि पुळण ही चारही रूपे एका दिवसात अनुभवता येतात. १८६२ पासून १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई इलाख्यात आणि पुढे मुंबई राज्यात होता. कोकणी व मराठी बोलणाऱ्यांना त्यामुळे येथे परकेपणा जाणवत नाही. तिरफळ घातलेले बांगड्याचे कालवण आणि सोलकढी समोर आली, की उरलासुरला परकेपणाही जातो.

कारवारचा समुद्र रवींद्रनाथ टागोरांनी तरुणपणी पाहिला. त्यांचे ज्येष्ठ बंधू सत्येंद्रनाथ तेथे जिल्हा न्यायाधीश असताना १८८०च्या दशकाच्या आरंभी रवींद्रनाथ काही काळ त्यांच्याकडे राहिले आणि ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक त्यांनी येथेच लिहिले. कारवारच्या पुळणीला आज त्यांचे नाव आहे. काळी नदीच्या मुखावरील सदाशिवगडावरून नदी आणि समुद्र यांचा संगम पाहणे हा सायंकाळचा उत्तम कार्यक्रम ठरतो.

चालण्याची आवड असणाऱ्यांसाठी गोकर्णासारखी जागा नाही. कुडले, ओम, हाफ मून आणि पॅराडाइज या पुळणींना जोडणारी पायवाट कधी कड्यावरून, कधी झुडपांतून, तर कधी थेट वाळूतून जाते. पिण्याचे पाणी, टोपी आणि घट्ट पकड असलेले बूट बरोबर असावेत, आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे. याच गोकर्णात फेब्रुवारी १६६५ मध्ये बसरूरच्या आरमारी स्वारीवरून परतताना शिवाजी महाराजांनी महाबळेश्वराचे दर्शन घेतले होते.

गोकर्णच्या दक्षिणेस अघनाशिनीची खाडी. धरणाने न अडविलेल्या मोजक्या नद्यांत या नदीची गणना होते. जानेवारी २०२४ मध्ये तिच्या मुखाच्या पाणथळ प्रदेशाला रामसर यादीत स्थान मिळाले. खाऱ्या पाण्यात तग धरणारे ‘कग्गा’ हे भात येथील शेतकरी पूर्वापार पिकवितात आणि ओहोटीच्या वेळी स्त्रीपुरुष खाडीतून शिंपल्या वेचताना दिसतात. कुमठ्याच्या डोंगराळ भागात याणचे दोन प्रचंड काळे सुळके आहेत. त्यांतील मोठा सुमारे १२० मीटर उंच आहे. होन्नावरच्या कासरकोड पुळणीला २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छता व सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. शरावतीच्या खाडीत खारफुटीच्या वनातून जाणारा लाकडी मार्ग आहे आणि तेथून नावेने बेटांभोवती फेरी मारता येते. मुर्डेश्वरहून बोटीने नेत्राणी बेटाजवळ जाऊन समुद्रतळाशी बुडी मारण्याचा अनुभवही घेता येतो. प्रवाळ आणि रंगीत मासे पाहण्यासाठी तेथे प्रशिक्षित सोबती दिला जातो.

समुद्राच्या आनंदाला एक अट आहे, ती शिस्तीची. डिसेंबर २०२४ मध्ये सहलीस आलेल्या चार शाळकरी मुली मुर्डेश्वरच्या समुद्रात बुडाल्या. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ असते. जीवरक्षक नसतील तेथे पाण्यात उतरू नये, लाल निशाण दिसल्यास मागे फिरावे आणि मुलांना हाताच्या अंतरावर ठेवावे. या तीन गोष्टी पाळल्या, तर सहलीची आठवण आयुष्यभर गोड राहते.

कर्कीचा मेळा आणि सांगलीचे नाटक

आता कर्कीकडे वळू. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातील भागवत मंडळींचा एक मेळा सांगली संस्थानात आला. हा मेळा कर्कीचा, असे रंगभूमीचे अभ्यासक सांगतात. पौराणिक कथांचे त्यांचे खेळ सांगलीचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले. असे काही मराठीत, अधिक नेटकेपणाने करता येईल का, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी ती कामगिरी आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे यांच्यावर सोपविली. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आले. तो दिवस महाराष्ट्रात मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो.

भाव्यांच्या नाटकांची घडण पाहिली, तर मूळ धागा स्पष्ट दिसतो. आरंभी गणपती व सरस्वती यांचे आवाहन, रंगमंचावर उभा राहून पदे गाणारा सूत्रधार, त्या पदांच्या अनुरोधाने हावभाव करणारी पात्रे, आणि पद संपताच पात्रांनी स्वतःच्या शब्दांत उत्स्फूर्तपणे केलेली भाषणे. राक्षसांच्या आरोळ्यांवरून या नाटकांना गमतीने ‘अलल्डुर्रची नाटके’ म्हणत. यक्षगानातही भागवत गातो, पात्र नाचते आणि मग अर्थ बोलते. राक्षस येताना पडद्याआडून आजही तशीच गर्जना ऐकू येते. अर्थात भाव्यांनी केवळ नक्कल केली असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. कीर्तन, लळित, तमाशा अशा देशी परंपरांचे संस्कार त्यांच्यावर होतेच. चिंतामणरावांच्या निधनानंतर त्यांनी आपली मंडळी घेऊन गावोगाव खेळ केले, १८५३ मध्ये मुंबईतही केले आणि तिकीट काढून नाटक पाहण्याची सवय मराठी समाजाला लावली. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. या साऱ्या इमारतीच्या पायात एक दगड कर्कीचा आहे, एवढेच नम्रपणे नोंदवायचे.

रात्रीचा खेळ

यक्षगान पाहण्यासाठी काही पूर्वज्ञान लागत नाही, परंतु थोडी माहिती असल्यास रस वाढतो. वादकगायकांचा चमू म्हणजे हिम्मेळ आणि पात्रांचा चमू म्हणजे मुम्मेळ. हातात टाळ घेऊन गाणारा भागवत हाच खेळाचा सूत्रचालक. मद्दळे व चंडे ही त्याची तालवाद्ये. कथेला प्रसंग म्हणतात. प्रसंगातील पदे लिखित असतात, पण संवाद मात्र प्रत्येक नट त्या रात्री नव्याने रचतो. त्यामुळे दोन कसलेले नट कर्ण आणि कृष्ण म्हणून समोरासमोर आले, की वादविवादाची अशी फैर झडते, की भाषा न समजणाराही मान डोलावतो. कापडाच्या पट्ट्या गुंडाळून बांधलेले मोठे शिरोभूषण, लाकडी अलंकार आणि चेहऱ्यावरील रंग यांची तयारी ‘चौकी’ नावाच्या रंगपटात तासन्‌तास चालते. तेथे आधी गणपतीची पूजा होते. उत्तर कन्नडमधील शैली ‘बडगुतिट्टू’, म्हणजे उत्तरेकडील शैली, या प्रकारातली.

या परिसराने मोठे कलावंत दिले. केरेमने शिवराम हेगडे यांनी १९३४ मध्ये इडगुंजी महागणपती यक्षगान मंडळी स्थापन केली. त्यांचे पुत्र शंभू हेगडे यांनी १९८६ मध्ये गुणवंते येथे प्रशिक्षण केंद्र सुरू केले. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच घराण्याच्या पुढील पिढ्या आज हे कार्य चालवीत आहेत. होन्नावर तालुक्यातीलच चिट्टाणी रामचंद्र हेगडे यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. हा सन्मान मिळविणारे ते पहिले यक्षगान कलावंत. २०१७ मध्ये ते निवर्तले.

मानसन्मान मिळाले, तरी सामान्य नटाची उपजीविका हंगामावर अवलंबून असते. दिवाळीनंतर मेळे बाहेर पडतात आणि मे महिन्यात पावसाच्या चाहुलीने परततात. पावसाळ्यात वेषभूषेविना बसून सादर होणारे ताळमद्दळे आणि घरची शेती यांवर चरितार्थ चालतो. पूर्वी खेळ सूर्यास्तानंतर सुरू होऊन सूर्योदयाला संपत. आता दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्या प्रेक्षकासाठी तीनेक तासांचे ‘कालमिती’ प्रयोग रूढ होत आहेत. वेळ आटला, तशी पहिली कात्री लागते ती संथ नृत्याला आणि दीर्घ संवादाला. कलावंतांपुढचा पेच खरा आहे. रात्रभराचा खेळ धरून ठेवावा, तर प्रेक्षक कमी होतात. तो आखडावा, तर शिकाऊ मुलांना जुने प्रसंग पूर्ण पाहावयास मिळत नाहीत. हा पेच बाहेरच्या कुणी सोडवावा असा नाही. परंतु पर्यटकाच्या हाती एक गोष्ट आहे. समुद्रावरील फेरीला खर्च करणाऱ्याने एक रात्र मांडवात येऊन बसावे, तिकीट असल्यास तिकीट काढावे, आणि नवसाचा विनामूल्य खेळ असल्यास यथाशक्ति आरतीत टाकावे. भरलेला मांडव हे नटाला मिळणारे पहिले वेतन असते.

हालक्की स्त्रियांची गाणी

अंकोला आणि कुमठा भागात हालक्की वक्कल समाज राहतो. गळ्यात मण्यांच्या अनेक माळा आणि विशिष्ट पद्धतीने नेसलेले लुगडे यांवरून या समाजातील वयस्क स्त्रिया ओळखू येतात. फाल्गुनात शिमग्याच्या सुमारास पुरुष डोक्यावर फुलांचे तुरे बांधून ‘सुग्गी’ नृत्य करीत घरोघर जातात. या समाजातील सुक्री बोम्मगौडा यांना आईकडून आलेली शेकडो लोकगीते मुखोद्गत होती. त्यांनी ती नव्या पिढीला शिकविली आणि गावातील दारूबंदीसाठीही लढा दिला. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या गेल्या. त्याच तालुक्यातील, रोपवाटिकेत आयुष्यभर झाडे वाढविणाऱ्या पद्मश्री तुलसी गौडा डिसेंबर २०२४ मध्ये निवर्तल्या होत्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या या दोघींनी जे जपले, ते कागदावर फार थोडे उतरले आहे. म्हणूनच शिमग्याच्या सुटीत अंकोल्याच्या बाजूला जाणाऱ्याने सुग्गीची चौकशी जरूर करावी.

प्रवाशांसाठी काही सूचना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत उत्तम. जून ते सप्टेंबर समुद्रातील खेळ बंद असतात आणि घाटांत दरडी कोसळतात. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे महामार्गावर दरड कोसळून जीवितहानी झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कारवारचा काळी नदीवरील जुना पूल पडला. पावसाळ्यात जायचेच असल्यास जिल्हा प्रशासनाच्या सूचना पाहूनच निघावे.

ज्यांना गाडी चालविण्याचा शीण नको, त्यांच्यासाठी बेंगळुरूहून सकलेशपूर घाटमार्गे कारवारला जाणारी रात्रीची रेल्वे सोयीची आहे. कोकण रेल्वेवरील मुर्डेश्वर, होन्नावर, कुमठा, गोकर्ण रोड, अंकोला ही स्थानके पर्यटनस्थळांच्या जवळ आहेत. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोकण रेल्वेनेच थेट उतरता येते.

यक्षगानाच्या खेळांची भित्तिपत्रके बसस्थानकांवर आणि चहाच्या दुकानांत लावलेली असतात. ती कन्नडमध्ये असल्याने मुक्कामाच्या ठिकाणच्या यजमानांना विचारणे सोपे. ‘इवत्तु आट एल्ली?’, म्हणजे ‘आज खेळ कुठे?’, एवढे दोन-तीन शब्द पाठ असले, तरी काम भागते. खेळ चालू असताना झगझगीत प्रकाशात छायाचित्रे घेऊ नयेत. चौकीत जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी व पादत्राणे बाहेर काढावीत. परतताना कुमठ्याच्या रस्त्यालगत विकल्या जाणाऱ्या गोड कांद्यांच्या वेण्या आणि हंगाम असल्यास अंकोल्याचा ‘करी इशाड’ आंबा घ्यावा. या आंब्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

दरवर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत आणि महाराष्ट्रभर रंगभूमी दिन साजरा होतो, त्याच सुमारास होन्नावरच्या परिसरात मेळे नव्या हंगामाची जुळवाजुळव करीत असतात. पेट्यांतून किरीट बाहेर निघतात, मद्दळ्याच्या वाद्या ताणल्या जातात, नवी मुले जुन्या भागवताच्या शेजारी बसून ताल मोजतात. येलहंक्याहून किंवा सांगलीहून, कुठूनही येणाऱ्या मराठी पाहुण्याने या दिवसांत एक संध्याकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवावी. मुद्दल फेडणे आता शक्य नाही. व्याजाचा एक हप्ता तरी नक्कीच भरता येईल.